बिनकामाचा बुढा

नंदनवन, नागपूर
७ जुलै २०२४

गोपिकाबाईंना कौशल्येचा नमस्कार,

तुमच्या जितेंद्रसोबत पाठवलेला तांदूळ पोचला. फोन करणार होते, पण तुम्हाला त्यावर ऐकू येत नाही आणि जितेंद्र ओरडून सांगायला लागला की साऱ्या कुहीला आमच्या घरची खबर कळते. त्यापेक्षा पत्र बरं. यात माझी तक्रार आहे आणि ती तुमच्या भावाची आहे.

यांचा उद्योग सुरू झाला. पोळ्याला दोन महिने आहेत, पण व्हरांड्यात भिजवलेल्या रद्दीच्या बादल्या, मेथीच्या पिठाचा वास आणि बांबूच्या कामट्या अशा पसरल्या आहेत की दूधवाला फाटकातूनच पिशवी लटकवून पळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, तेव्हा गल्लीभर कागदाच्या पुतळ्याचा एक बडग्या मिरवायचा, ज्याला जी पीडा नको तिच्या नावाने ओरडायचं आणि नाल्याकाठी नेऊन जाळायचा. अर्ध्या तासाचा तमाशा. त्यासाठी माणूस जेवणाला हाक मारली तरी उठत नाही. विचारलं तर म्हणतात, "थांब वं, कान करून राहिलो."

शहरातल्या मोठ्या मारबत मिरवणुकीची मंडळी येऊन गेली. आमच्यासाठी दोन मजली करा, फलकावर तुमचं नाव टाकतो म्हणाले. यांनी चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "मोठा केला का ते काम होते. काम मी हिंगण्याच्या कंपनीत लय केलं." दुर्गेशचा तर संताप झाला. तो म्हणाला, बाबा, एवढी कला आहे तर विका, नाहीतर पोरांचे वर्ग घ्या, हे बिनकामाचं काम किती दिवस करणार? हे कामट्या सोलत ऐकत होते. आता कळलं की यंदाच्या बडग्याचं नावच ठरलं आहे, 'बिनकामाचा बुढा'. पाटी रंगवून तयार आहे.

मागच्या वर्षी बडग्याचं नाक शेजारच्या ओमप्रकाशजींसारखं झालं म्हणून त्यांच्या पुष्पलताबाई दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नव्हत्या. म्हणून यंदा हे आरशासमोर बसून स्वतःचंच तोंड करत आहेत. "आपल्याच तोंडाचं कोनाले वाईट वाटन?" असं मलाच विचारतात.

खोकला मात्र उन्हाळ्यापासून जात नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, लगदा वाळू दे. तुम्ही थोरल्या आहात, दोन शब्द खडसावून लिहा. माझं ऐकायचं त्यांनी लग्नातच सोडलं.

तुमची
कौशल्या


कुही
१९ जुलै २०२४

कौशल्येस अनेक आशीर्वाद,

धानाची रोवणी चालू आहे. घरात सगळ्यांच्या पायाला चिखल आणि माझ्या हाताला पोळपाट. म्हणून उशीर झाला.

मधूला मी काय खडसावू? तो नऊ-दहा वर्षांचा असताना त्याने शेतातल्या बुजगावण्याला असे डोळे काढले होते की पाखरं राहिली बाजूला, आमचे बाबाच बांधावरून माघारी आले. मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी बाबा जाऊन बघतात तर त्याला मिशा पण आलेल्या. तेव्हा मार खाऊन नाद सुटला नाही तो आता माझ्या दोन ओळींनी सुटेल होय? करू दे. कुणाचं काही बिघडत नाही. तुझा व्हरांडा तेवढा बिघडतो, तो धुता येतो.

पण स्वतःचं तोंड करून राहिला हे काही मला आवडलं नाही. त्याला म्हणावं, दुसरं कुणाचं कर, मी येऊन पुष्पलताबाईची समजूत घालते.

डॉक्टरकडे ने. ऐकला नाही तर सांग, बाई गाठोडं घेऊन येते आणि तुझ्या छातीवर बसते म्हणावं.

गोपिका


नंदनवन, नागपूर
५ सप्टेंबर २०२४

गोपिकाबाईंना नमस्कार,

परवा मारबत झाली. एक गोष्ट केली आहे. ती तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बडग्या पूर्ण झाला. बाई, तुम्ही बघायला हवं होतं. समोरचा पडलेला दात, कानाजवळचा तीळ, कपाळाची ती एक वाकडी आठी, सगळं जसंच्या तसं. डोळ्यांवर यांचाच जुना चष्मा. आणि चेहरा असा, की आत्ता काहीतरी गंमत सुचली आहे आणि सांगावी की नाही याचा विचार चालला आहे. लोक येऊन बघत होते, हसत होते, फोटो काढत होते. हे खाटेवर पडून हसणं ऐकत होते, कारण त्याच रात्री ताप भरला आणि डॉक्टरांनी बाहेर जायला साफ मना केलं.

मारबतीच्या सकाळी गल्लीतली मंडळी फाटकाशी जमली आणि ओरडायचा सराव सुरू झाला. "बिनकामाच्या बुढ्याले घेऊन जा गे मारबत!" पुन्हा पुन्हा तेच. आत माणूस तापाने फणफणलेला आणि बाहेर सारी गल्ली त्याचं तोंड पुढे करून म्हणते, घेऊन जा. थट्टा आहे हे मलाही कळतं. पण पीडा नेणाऱ्या मारबतीला थट्टा कळते का?

यांचा डोळा लागला होता. मी विळी घेतली आणि मुंडकं कापून काढलं. त्या जागी मडकं बसवलं, कोळशाने डोळे-नाक काढलं, पाटी काढून अंगणातल्या चुलीत घातली. पुष्पलताबाई हे बघत होत्या. मडकं डगमगत होतं ते त्या धरून उभ्या राहिल्या. गल्लीने मच्छर घेऊन जा, खड्डे घेऊन जा, असं काहीबाही ओरडत नेलं आणि जाळलं.

मी परत आल्यावर यांनी विचारलं, "लोक हासले का वं?" मी म्हटलं, खूप हसले. "बस झालं मंग," म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

मुंडकं माझ्या जुन्या साडीत गुंडाळून तांदळाच्या कोठीत ठेवलं आहे. नवऱ्याचं तोंड कोणती बायको जाळायला देईल? तुम्हीच सांगा.

कौशल्या


कुही
१४ सप्टेंबर २०२४

कौशल्ये,

तुझं पत्र वाचून मी पोळपाट तसाच टाकून लिहायला बसले. अगं, मारबतीच्या नावाने जे केलं ते घरात ठेवतात का? साऱ्या गल्लीची ईडा-पीडा ज्याच्यात घालायची त्याचंच मुंडकं तू घरात ठेवलंस, आणि तेही तांदळात. रोज त्यातलंच शिजवून त्याला वाढतेस.

तू घाबरलीस हे मला समजतं. मी असते तर मीही ओरडू दिलं नसतं, पाटी मीच मोडली असती. पण मुंडकं गेलंच पाहिजे. पत्र वाचलं की पिशवीत घाल, नाल्यावर जा, काडी लाव. मागे वळून बघू नको. मधूला सांगू नको.

त्याचा ताप उतरला का ते लिही.

गोपिका


नंदनवन, नागपूर
८ नोव्हेंबर २०२४

गोपिकाबाईंना नमस्कार,

उशिराबद्दल रागावू नका. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले.

तुम्ही सांगितलं तसं पिशवी घेऊन नाल्यावर गेले होते. साडी जराशी बाजूला केली तर चष्म्यातून हे माझ्याकडे बघताहेत. काडीपेटी तशीच कमरेला खोचून घरी आले. वाटेत लोकांनी विचारलं तर भाजी आणली म्हणून सांगितलं.

दिवाळीत सोनिका कोठ्या साफ करायला बसली आणि तिने ते बाहेर काढलं. सुनेला बिचारीला काय माहीत? ती किंचाळली, आणि हे समोरच खुर्चीवर. मला वाटलं आता काही खरं नाही. यांनी साडी उलगडली, मांडीवर घेतलं, आणि एवढे हसले की खोकल्याने जीव घाबरा झाला, पाठ चोळावी लागली. "मडक्याले जाळलं काय वं तुम्ही लोकांनं!" हेच पुन्हा पुन्हा.

मग म्हणाले, "ठेवाचंच असतं तर मी लाकडाचं केलं असतं."

उंदरांनी एक कान खाल्ला होता. दुसऱ्या दिवसापासून नवा कान सुरू. दहा मिनिटं बसले की आडवे होतात, पुन्हा उठतात. मी म्हटलं, जळणाऱ्या कानाला एवढं कशाला? तर म्हणाले, "जळनार हाय म्हनूनच तं. राहनाऱ्या वस्तूले लोक काय म्हनतीन याची भीती राह्यते. याले कोनाचीच भीती नाही." कान झाला तेव्हा इतके खूश, जसा काही बोनस मिळाला. दुर्गेशने कुण्या कलादालनवाल्याला फोटो दाखवले होते, तो माणूस घरी येतो म्हणत होता. यांनी नको म्हणून सांगितलं. मला म्हणाले, "पुढच्या मारबतीले तू स्वतः नेजो. मडक्यानं फसवू नको."

तब्येतीचं म्हणाल तर छातीत कफ मुरला आहे. दुर्गेश सुट्टी काढून दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात नेऊन आणतो. सुया लावतात, त्याने जेवण जात नाही, केस थोडे विरळ झाले आहेत. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. तुमची धान कापणी चालू असेल, ती सोडून येऊ नका. हेच तसं लिही म्हणाले.

कौशल्या


कुही
२० फेब्रुवारी २०२५

कौशल्येस,

तेरवीला आले तेव्हा माणसांत बोलता आलं नाही. आता लिहिते.

तू मला कफ म्हणून लिहिलंस. माझी अक्कल कुठे गेली होती देव जाणे. केस विरळ झाले हे वाचलं आणि मला वाटलं, वय झालं. मी इथे धान मोजत बसले, उन्हात बसून पापड लाटले, मधूला आवडतात म्हणून वेगळे बांधून ठेवले. जितेंद्रने सांगितलं तेव्हा नेसत्या लुगड्यानिशी निघाले. बस मिळायला वेळ लागला. तुझ्या फाटकाशी उतरले तर तू अंगण धूत होतीस. अंधार व्हायच्या आत न्यायला पाहिजे असं कुणी मोठ्या माणसाने म्हटलं म्हणे. त्याच्यापेक्षा मोठी मी होते, कौशल्ये. त्याला अंगाखांद्यावर मी खेळवलं. त्याचं तोंड शेवटचं बघायचं होतं, ते तुम्ही बघू दिलं नाही.

तू हार घातलेला फोटो दिलास तो माझ्यासमोर आहे. तो कंपनीच्या कार्डावरचा मधू आहे. तोंड मिटून बसलेला. हा माझा भाऊ नाही.

ते मुंडकं मला दे. जाळ म्हणून मीच लिहिलं होतं हे आठवतं मला. मी मूर्ख होते. ईडा-पीडा काय व्हायची ती झाली, आता माझं काय जायचं राहिलं? मला तेवढं दे.

गोपिका


नंदनवन, नागपूर
९ मार्च २०२५

बाई,

तुमचं बोलणं मला लागलं नाही. ते खरंच आहे.

यांनी शपथ घातली होती, बाईले सांगू नको, ते रडन आणि मले पाहवनार नाही. पण सगळं शपथेवर ढकलत नाही. मला तो रोगाचा शब्द कागदावर लिहवत नव्हता. कफ लिहिलं की तेवढा वेळ मलाही कफच वाटायचा. तुमचं उत्तर यायचं, त्यात काढा लिहिलेला असायचा, तो मी करून द्यायचे. हे मुकाट पीत होते. शेवटच्या दिवशी लोक घाई करत होते, मी थांबा म्हणायला हवं होतं. मला तोंडच उघडता आलं नाही.

दुर्गेश हे पत्र घेऊन येतो आहे, सोबत मुंडकं. जपून बांधलं आहे, चष्मा वेगळा ठेवला आहे. दुर्गेशला ते काचेच्या पेटीत हवं होतं, खाली बाबांचं नाव, जन्म, मृत्यू, असं. तो रडत होता, म्हणत होता, बाबांना मी बिनकामाचे म्हटलं, निदान एवढं तरी करू दे. मी त्याला जवळ घेतलं, पण पेटीला हो म्हटलं नाही. तुम्हाला देते, कारण तुमचं बघणं राहिलं आहे.

यांनी मला जे सांगितलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मारबत ऑगस्टच्या शेवटी आहे. तोपर्यंत तुमच्याकडे राहू द्या. पुढे परत द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी मागणार नाही, रुसणारही नाही.

कौशल्या


कुही
१२ ऑगस्ट २०२५

कौशल्येस आशीर्वाद,

दुर्गेश येतो आहे असं कळलं, म्हणून आज लिहून ठेवते. त्याच्यासोबत मधूला परत पाठवत आहे.

पाच महिने तो माझ्या खोलीतल्या कोनाड्यात होता. पहिले दिवस मी नुसती बघत बसायचे. बोलायचेही. मग लोक यायला लागले. केवढी कला, पेपरात द्या, शाळेत ठेवा. ते बोलायचे आणि मला वाटायचं, मधू आता उठून आतल्या खोलीत जाऊन बसणार.

पाऊस लागला तशी भिंत ओलावली. गालावर बुरशी आली. मी फडक्याने पुसली तर रंग आला, आणि खाली वर्तमानपत्राची अक्षरं दिसली. नाकाचं टोक मऊ पडलं, हात लावला आणि दबलं. ती गमतीची नजर होती ना, ती एका डोळ्यातून गेली. रोज थोडा थोडा मधू कमी होतो आहे आणि माझ्यासमोर होतो आहे. एकदा गेलेला माणूस मी असा रोज घालवू शकत नाही. त्याने बरोबर सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

शनिवारी राखी झाली. ओवाळलं. बांधायला हात नव्हता, म्हणून त्याने नव्याने केलेल्या कानाला अडकवली. ती काढू नको, तशीच जाऊ दे.

मी येत नाही. गुडघ्यांचं निमित्त आहे, पण खरं म्हणजे मला बघवणार नाही. तू ने. आणि मला सगळं लिही. या वेळी जे झालं तेच लिही, कौशल्ये, मला जपायला जाऊ नको.

गोपिका


नंदनवन, नागपूर
२५ ऑगस्ट २०२५

बाई, साष्टांग नमस्कार.

परवा मारबतीला यांना नेलं. झालं तसं लिहिते.

धड मी आणि पुष्पलताबाईंनी बांधलं. कामट्या बांधायला दोघींनाही येत नाही. एक खांदा वर, एक खाली, पोट पाठीमागे गेलेलं. सुतळी सोडायची, पुन्हा बांधायची, पुन्हा वाकडं. दुपारभर तेच केलं. बाई, खोटं लिहू नको म्हणालात म्हणून लिहिते, आम्ही दोघी खूप हसलो. मला जेवणाची आठवण राहिली नाही. सोनिका दोनदा हाक मारून गेली आणि मी तिला म्हटलं, थांब, हात लावून राहिले. यांचंच वाक्य माझ्या तोंडून आलं तशी सुतळी खाली ठेवली.

सकाळी दुर्गेशने आणि ओमप्रकाशजींनी बडग्या उचलला. मुंडक्याला चष्मा लावला होता, कानाला तुमची राखी. सारी गल्ली जमली होती, पण ओरडेना कुणी. दरवर्षी बडग्याला चपला मारतात, ओमप्रकाशजींनी सवयीने एक पायातली काढली आणि तशीच पुन्हा घातली. नुसतेच चालत होते सगळे. अंत्ययात्रेसारखं होऊन गेलं ते, आणि मला एवढंच कळत होतं की यांना हे अजिबात चालणार नाही. कोणी हसत नाही, कोणी बोलत नाही, मग केलं कशाला?

कुणीतरी सुरू करायला हवं होतं. मला पाटी आठवत होती, ती ओरडणं शक्य नव्हतं. मी तोंड उघडलं आणि जे निघालं ते निघालं. "खोकला घेऊन जा गे मारबत!"

गल्लीने ते उचललं. पुष्पलताबाई, दुर्गेश, सगळे. नाला येईपर्यंत तेच. मी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते, घसा फाटला माझा. घेऊन जा, खोकला घेऊन जा, एक दिवस नाही माझ्या माणसाला झोपू दिलं, घेऊन जा. दुर्गेशने काडी लावली. मी तोंड फिरवलं नाही. कागद इथे आल्यावर वाळला होता, भसकन पेटला. राखी कधी गेली ते दिसलं नाही. चष्मा राखेत राहिला, तो आणलेला नाही.

परत आले, हातपाय धुतले. मग यांच्या गुळण्यांसाठी पाणी तापत ठेवलं, मीठ घातलं, पेला काढला. पाण्याला उकळी फुटली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले. आवाज काढून रडले, बाई. जानेवारीत रडले नव्हते. सोनिका आली, माझ्याजवळ फरशीवर बसली.

तुमची
कौशल्या